दिवसाला बारा गोळ्या : पाठदुखीच्या औषधावरचं अवलंबित्व, एक प्रकरण अभ्यास

रुग्ण: स्त्री, वय ४३, सांगली. विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवतात. औषध: ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी जोडगोळी, रोज १२. किती काळ: सव्वातीन वर्षं. दवाखान्यात येण्याचं कारण: स्वयंपाक करताना आलेली फिट.

हे कोणा एका बाईचं चरित्र नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून हे नमुना प्रकरण उभं केलं आहे. पुढे त्यांना नुसतं ताई म्हटलं आहे. औषधांची मात्रा आणि उपचारांचा क्रम प्रत्यक्षात असतो तसाच दिला आहे. तो समजून घेण्यासाठी आहे, वाचून घरी करून बघण्यासाठी नाही.

दहा दिवसांची चिठ्ठी

डाव्या कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत कळ यायला लागली म्हणून एमआरआय झाला. कमरेतल्या एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली. घरात त्याचं नाव पडलं 'मणक्यात गॅप', आणि हे नाव एकदा पडलं की माणूस जन्मभर वाकायला भितो. चाळिशी ओलांडलेल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही अशी फुगलेली चकती दिसते. पायात उतरणारी कळसुद्धा बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. त्या दिवशी हे कोणी सांगितलं नाही. चिठ्ठीवर जोडगोळी सकाळ-संध्याकाळ दहा दिवस, नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन-मिथाइलकोबालमिन रात्री, कमरेचा पट्टा आणि 'आराम' एवढं लिहिलेलं होतं. पहाटे पाचला कणीक तिंबायला घेणाऱ्या बाईला आराम म्हणजे काय हे चिठ्ठीवर मावत नाही.

वीस गोळ्या संपल्या तोवर कळ निम्म्यावर आली होती. तरी तीच चिठ्ठी दाखवून ताईंनी आणखी दोन स्ट्रिपा आणल्या. गोळी घेतली की तवा हलका वाटायचा, दुपारची मरगळ जायची, पोरांच्या कटकटीने डोकं उठायचं नाही. अवलंबित्वाची सुरुवात बहुधा अशीच होते. दुखणं जातं आणि गोळीने दिलेली दुसरी एखादी सोय मागे राहते. 'तुम्हाला गोळीने काय काय बरं वाटतं?' हा प्रश्न दहाव्या दिवशी कोणी विचारला असता तर उत्तर लगेच मिळालं असतं.

ही सोय येते कुठून, हे औषधातच आहे. ट्रामाडॉल १९७७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं आणि पुष्कळ वर्षं 'सौम्य' म्हणून लिहिलं गेलं. ते दोन कामं करतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूपांतर अशा द्रव्यात करतं जे मेंदूत अफू जिथे जाऊन बसते त्याच जागांवर बसतं. मूळ औषध मात्र सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन ही मेंदूतली रसायनं वाढवतं, म्हणजे नैराश्यावरच्या काही गोळ्या जे करतात तेच. त्यामुळे वेदना कमी होते, वर हुरूपही येतो. सोडताना मग एक नाही, दोन औषधं एकदम सुटत असतात. पुढे या प्रकरणात जे जे बिघडलं, त्यातलं बरंचसं या दुहेरीपणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पहिल्या वर्षी दिवसाला दोनच्या चार गोळ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी 'मन लागत नाही, झोप नाही' म्हणून वेगळ्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम हे सेरोटोनिन वाढवणारं नैराश्यावरचं औषध सुरू केलं. त्यांना पाठीच्या गोळ्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण ताईंच्या मते ते हाडांचं औषध आणि हे डोक्याचं. तिसऱ्या वर्षाअखेर गोळ्या बारावर गेल्या.

बाराचा हिशेब मांडून पाहू. ट्रामाडॉल ४५० मिलिग्रॅम, आणि प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे. पॅरासिटामॉल ३,९०० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅमच्या मर्यादेला टेकलेलं, आणि तेही रोज. या जोडगोळीची शिफारस दिवसाला जास्तीत जास्त आठ आणि तीही तात्पुरत्या दुखण्यासाठी चार-पाच दिवस, इतकीच आहे. डोकं दुखलं म्हणून घरातली क्रोसिन, म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच, घेतली की यकृतावरचा भार आणखी वाढतो. रुग्णाच्या लेखी ती 'साधी गोळी' असल्याने ती मोजली जात नाही.

महिन्याला ३६० गोळ्या, म्हणजे दहाच्या ३६ स्ट्रिपा. ट्रामाडॉल एच-१ यादीत आहे. २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती औषध दिलं हे लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आणलं. तरी ताईंना गोळ्या मिळत राहिल्या. चार मेडिकल, पाळीपाळीने. कधी स्वतः, कधी मुलाला पाठवून, कधी खानावळीत जेवणाऱ्या एखाद्या पोराला 'येताना एवढं आण रे' म्हणून. प्रत्येक दुकानदाराच्या नजरेला महिन्याला आठ-नऊ स्ट्रिपाच येत, आणि 'ताई ओळखीच्या आहेत'.

घरात कोणाला वावगं वाटलं नाही याचंही कारण आहे. सासूबाईंचं म्हणणं, 'गोळ्याच तर खाते, दारू थोडीच पिते!' डॉक्टरने दिलेली वस्तू व्यसन होऊ शकते हे आपल्याकडे पटायला वेळ लागतो. आकडे मात्र उघड आहेत. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत औषधी अफूजन्य पदार्थ, म्हणजे अफूसारखं काम करणारी औषधं, वापरणाऱ्यांचं प्रमाण ०.९६ टक्के निघालं, हेरॉइनचं १.१४. दोहोंत फार अंतर नाही.

स्वतःच्या हिमतीवर

पहिला प्रयत्न एकादशीपासून गोळी बंद असा होता. शेवटची गोळी रात्री दहाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जांभया, नाक गळणं, डोळ्यांत पाणी, अंगावर काटा. संध्याकाळी पोट चाललं. रात्री पाय एका जागी ठरेनात. झोपलं की पोटऱ्या ओढल्यासारख्या, उठून फिरलं की बरं. तिसऱ्या दिवशी डोक्यात विजेचा धक्का बसावा तसे झटके, छातीत धडधड, आणि मागे कोणीतरी उभं असल्याचा भास. ताईंना वाटलं वेड लागतंय. चौथ्या दिवशी सकाळी दोन गोळ्या घेतल्या, आणि तासाभरात सगळं शांत.

जांभया, जुलाब, पायांची तडफड ही अफूजन्य औषध सुटल्याची नेहमीची लक्षणं. ट्रामाडॉलमध्ये ती साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतात आणि आठवडाभरात उतरतात. डोक्यातले झटके, भास आणि आतून उठणारी भीती मात्र सेरोटोनिनच्या बाजूची आहे. सगळ्यांना ती होत नाही. ज्यांना होते त्यांना आधी सांगितलेलं नसेल, तर घरचे बाहेरचं काही लागलं म्हणून भलतीकडे नेतात.

याच चार दिवसांत पाठ प्रचंड दुखली, आणि ताईंची खात्री पटली की 'गॅप वाढलीय, गोळीशिवाय आपलं खरं नाही'. हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. औषध उतरताना होणारं दुखणं आणि मूळचं दुखणं वेगळं ओळखता येतं. मूळची कळ एका पायात, ठरलेल्या वाटेने, वाकलं किंवा जास्त वेळ उभं राहिलं की यायची. ही नवी दुखी दोन्ही पायांत, पाठभर, अगदी दातांतसुद्धा. घड्याळ लावल्यासारखी गोळीची वेळ टळली की सुरू व्हायची आणि सोबत जांभया-नाक गळणं आणायची. शिवाय अफूजन्य औषध बराच काळ घेतलं की मज्जासंस्था वेदनेला जास्त हळवी होते. साधी ठेच जोरात लागते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी वाढवायची, त्या दुखण्यातला काही वाटा गोळीनेच तयार केलेला असतो.

दुसरा प्रयत्न जास्त शहाणपणाचा होता. दर आठवड्याला दोन गोळ्या कमी. बाराच्या दहा, दहाच्या आठ, आठच्या सहा असं महिनाभर बरं चाललं. चारवर आल्यावर झोप उडाली, दोनवर आल्यावर काम होईना, आणि शून्याचा आठवडा तीन दिवससुद्धा टिकला नाही. घरच्यांनी निष्कर्ष काढला, 'शेवटच्या क्षणी कच खाल्ली.'

कच कुठे आहे ते आकड्यांत दिसतं. बारावरून दहा ही सुमारे १७ टक्के घट. आठवरून सहा २५ टक्के. चारवरून दोन ५० टक्के. आणि दोनवरून शून्य म्हणजे शंभर टक्के. गोळ्या तेवढ्याच कमी होत होत्या, पण शरीराला बसणारा धक्का दर आठवड्याला वाढत होता. घट नेहमी चालू डोसच्या प्रमाणात मोजायची असते. इतक्या जुन्या सवयीत साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या दहा टक्के, आणि जमलं नाही तर त्याच पायरीवर थांबायचं, मागे जायचं नाही. म्हणजे शेवटच्या दोन गोळ्यांना पहिल्या दहांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. बहुतेक लोक, आणि काही डॉक्टरही, नेमकं उलटं करतात. निम्मं अंतर कापलं की घाई सुटते.

दुसरी अडचण जोडगोळीचीच. तिचे बारीक तुकडे नीट होत नाहीत आणि पॅरासिटामॉल बरोबर ओढलं जातं. म्हणून कमी करायला घेताना आधी साधं ट्रामाडॉल वेगळं करून मग उतरवतात. दिवसभर हळूहळू सुटणारी एसआर गोळी मात्र कधीच तोडायची नाही. तोडली की बारा किंवा चोवीस तासांचा डोस एकदम रक्तात उतरतो.

फिट

दोन गोळ्यांवर अडकलेल्या ताई पंधरा दिवसांत आठवर गेल्या, मग पुन्हा बारावर. एका रविवारी चारपैकी एकाही मेडिकलात माल नव्हता. एका दुकानदाराने 'ही त्याहून भारी आहे' म्हणून टॅपेन्टाडॉल हे तसंच दुसरं अफूजन्य वेदनाशामक पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. हे नशीबच म्हणायचं, कारण ट्रामाडॉल दुर्मीळ झालं की अनेकजण याच वाटेने जातात. एक अख्खा दिवस गोळीविना गेला. रात्री अकराला स्ट्रिपा मिळाल्यावर आठ गोळ्या एका दमात आणि पहाटे पाचला चार. सहा तासांत ४५० मिलिग्रॅम, वर रात्रीचं एस्सिटालोप्राम. साडेसहाला तव्यासमोर फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

ट्रामाडॉल फिट येण्याची पातळी खाली आणतं, म्हणजे फिट सहज येते. डोस चढला की धोका वाढतो आणि सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांसोबत आणखी वाढतो. रात्रभराचं जागरण त्यात भर घालतं.

तातडीच्या विभागात साखर तपासली, कारण ट्रामाडॉलने ती खूप उतरू शकते. ती ठीक होती. सोडियम १३१, थोडं कमी. सीटी स्कॅन नॉर्मल. यकृताची एसजीपीटी तपासणी ८८, वाढलेली. 'काही गोळ्या घेता का' या प्रश्नाला नवऱ्याने 'पाठीची आणि झोपेची' असं उत्तर दिलं. लघवीची अमली पदार्थांची पट्टी निगेटिव्ह आली. येथे फसगत होते. नेहमीची अफूची पट्टी मॉर्फीनच्या घराण्यासाठी असते, ट्रामाडॉल तिला दिसत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी मागवावी लागते. अपस्माराचं निदान होऊन त्याचं औषध सुरूही झालं.

संध्याकाळी एकोणीस वर्षांचा मुलगा पिठाच्या डब्यामागची पिशवी घेऊन आला. तीत रिकाम्या स्ट्रिपा होत्या. त्याने त्या टेबलावर ओतल्या आणि एवढंच म्हणाला, 'डॉक्टर, ह्या महिनाभराच्या आहेत.' आई रागावेल म्हणून तो वर्षभर गप्प होता. घरच्यांनी काय करावं असं विचारलं जातं तेव्हा हे उत्तर पुरेसं आहे. भाषण देऊ नका, रिकाम्या स्ट्रिपा घेऊन या. त्यावर नाव, मात्रा आणि संख्या तिन्ही असतं.

वेगळी पट्टी पॉझिटिव्ह आली. औषधामुळे आलेली फिट म्हणून अपस्माराचं औषध नंतर बंद झालं.

हळूहळू उतरवायचं की बदलायचं

फिट आली नसती तर संथ उतरणीचा रस्ता खुला होता. फिटनंतर ट्रामाडॉलच पुढे चालू ठेवणं बरोबर नव्हतं, आणि दोन अपयशी प्रयत्नांनंतर एकदम बंद करणं म्हणजे तिसरं अपयश ठरवून घेणं. म्हणून ब्युप्रेनॉर्फिन, नालोक्सोनसह (ते दुरुपयोग टाळण्यासाठी असतं), जिभेखालची गोळी. ब्युप्रेनॉर्फिन अफूच्याच जागांवर घट्ट पण अर्धवट बसतं. तडफड थांबते, नशा चढत नाही, परिणाम दिवसभर टिकतो. साध्या मेडिकलच्या फळीवर ते सहसा मिळत नाही, व्यसनमुक्ती केंद्रातून दिलं जातं.

यातली कळीची गोष्ट वेळ. ट्रामाडॉल शरीरात भरपूर असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते त्याला जागांवरून ढकलून देतं आणि तासाभरात सगळी लक्षणं एकदम उसळतात. असा एक अनुभव आला की रुग्ण पुन्हा त्या गोळीला हात लावत नाही. म्हणून औषध सुटल्याची लक्षणं मोजणारी कॉव्ज ही अकरा मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात: नाडी, घाम, अस्वस्थता, बाहुल्या, हाडं-सांधे, नाक-डोळे, पोट, थरथर, जांभया, चिडचिड, अंगावरचा काटा. शेवटच्या गोळीला १५ तास झाले तेव्हा ताईंचा आकडा ७ होता. तेव्हा दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, २८ तासांनी, तो १४ झाला. मग २ मिलिग्रॅम. दोन तासांनी आकडा ९, म्हणून आणखी २. पहिला दिवस ४ वर थांबला, तिसऱ्या दिवशी ६ मिलिग्रॅमवर आकडा ३ पर्यंत खाली आला.

गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, पाच-दहा मिनिटं. गिळली तर बहुतेक वाया जाते. तोंड ओलं आणि स्वच्छ हवं. ताई सकाळी मिश्री लावत. मिश्री, मग लगेच गोळी हा क्रम बदलायला सांगितला. विरघळल्यावर साध्या पाण्याने चूळ आणि घासणं तासाभराने, नाहीतर दातांना त्रास होतो.

पायांची तडफड आणि घामासाठी क्लोनिडिन १०० मायक्रोग्रॅम, पहिले पाच दिवस, प्रत्येक वेळी आधी रक्तदाब पाहून. वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर तो डोस गाळायचा. जुलाबांवर लोपेरामाइड. झोपेसाठी अल्प्राझोलाम मागितलं गेलं, ते दिलं नाही. ब्युप्रेनॉर्फिनवर ती गोळी श्वास मंदावते, आणि एक सवय सोडताना दुसरी दारात उभी करण्यात अर्थ नसतो. प्रेगाबालिनही याच कारणाने हळूहळू बंद झालं.

तिसऱ्या दिवशी डोक्यातले झटके आलेच. ब्युप्रेनॉर्फिनने अफूची बाजू सांभाळली होती, सेरोटोनिनची नाही. अशा वेळी ब्युप्रेनॉर्फिन वाढवत नेण्याचा मोह होतो, उपयोग होत नाही. योजना डुलोक्सेटिनची होती. ते त्या बाजूला आधार देतं, जुन्या पाठदुखीवरही चालतं आणि उदासीवरही. पण ट्रामाडॉल अंगात असताना ते देणं धोक्याचं, फिटचा आणि सेरोटोनिन विषारी पातळीला जाण्याचा धोका वाढतो. वर यकृत बिघडलेलं असताना ते टाळायचं असतं. म्हणून एस्सिटालोप्राम तसंच ठेवून तीन आठवडे थांबले. झटके दहाव्या दिवशी आपोआप विरळ झाले होते. एसजीपीटी ३८ वर आल्यावर डुलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम, एस्सिटालोप्राम आठवडाभर निम्मं करून बंद, आणि पुढे डुलोक्सेटिन ६०. दोन्हींनी सोडियम उतरू शकतं, म्हणून ते महिन्याने पुन्हा तपासलं.

दाखल राहणं आठ दिवसांचं झालं. नवऱ्याची मोठी काळजी वेगळीच होती: 'पोलीस केस होईल का?' अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम ६४-अ नेमकं या भीतीसाठी आहे. सेवन केल्याच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखणंही बंधनकारक आहे. कुठे जायचं हे माहीत नसेल तर केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक आहे, मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६.

पाठीचं काय

ही बाजू सोडली तर वरचं सगळं चार महिन्यांत वाया जातं. ताईंची पाठ दुखतच होती, दहापैकी पाच. फिजिओथेरपिस्ट खानावळीत जाऊन आली, आणि तिला सापडलं ते एमआरआयमध्ये दिसणारं नव्हतं.

ओटा ताईंच्या उंचीला दोन-अडीच इंच खाली. पोळ्या लाटताना सगळं वजन कमरेतून. पोळपाटाखाली जाड लाकडी फळी आली. पायाशी सहा इंचाचा पाट, त्यावर पाळीने एकेक पाय. दहा किलोची कणीक एका परातीत तिंबली जायची, ती अडीच-अडीच किलोच्या चार घाण्यांत वाटली. पातेली जमिनीवरून ओट्यावर उचलण्याचं काम मुलाकडे गेलं. कमरेचा पट्टा पहिल्या महिन्यानंतर काढला. सवयीने रोज बांधला की हालचाल आणि व्यायाम दोन्ही टळतात. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवत चाळीस मिनिटं. हात-गुडघ्यांवर टेकून विरुद्ध हात-पाय लांब करण्याचा व्यायाम, आधी पाच सेकंद.

पॅरासिटामॉल यकृत सावरल्यावर गरजेपुरतं, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सलग पाच दिवसांपेक्षा जास्त नाहीत. उद्दिष्ट दुखणं शून्य करण्याचं ठेवलं नाही. शून्याच्या मागे लागूनच बारा गोळ्या झाल्या होत्या. सकाळची पाळी उभ्याने पुरी होते का, हे मोजायचं ठरलं. चौथ्या महिन्यात दुखणं तीन-चारवर आलं.

घर, मेडिकल आणि गौरी

पहिल्या महिन्यात नवरा रोज गोळी हातात ठेवायचा आणि रोज विचारायचा, 'दुसरं काही घेतलं नाहीस ना?' डबे उघडून बघायचा. पंधरा दिवसांत दोघांमध्ये बोलणं बंद झालं. मग नियम बदलला. गोळ्या आठवड्याच्या, कपाटात, किल्ली नवऱ्याकडे. मोजणी आठवड्यातून एकदा केंद्रात, सगळ्यांसमोर. घरात प्रश्न विचारायचा नाही. पाळत ठेवली की माणूस लपवण्यात तरबेज होतो. मोजणी ठरलेली असली की लपवण्यासारखं फारसं उरत नाही.

चार मेडिकलपैकी एक निवडून त्याला डॉक्टरांचं पत्र दिलं: यांना ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या या सहीशिवाय देऊ नयेत. उरलेल्या तिघांकडे ताई स्वतः गेल्या आणि 'मला देऊ नका' म्हणाल्या. यात फार अवघड वाटलं असं त्यांनी सांगितलं, औषधांपेक्षाही.

गौरी-गणपतीत पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी आल्या. 'आता बरं आहे' म्हणून ताईंनी दोन दिवस ब्युप्रेनॉर्फिन घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय ओढायला लागले आणि एका ओळखीच्या बाईकडून चार जोडगोळ्या आल्या. घेतल्या, पण हवा तसा परिणाम नाही. ब्युप्रेनॉर्फिन हळू उतरतं, त्याचा अंश जागांवर होता. इथे खरा धोका पुढच्या पावलाचा असतो. परिणाम नाही म्हणून आणखी आठ घेण्याचा. शिवाय सवय मोडलेल्या अंगाला जुना डोस झेपत नाही. ताईंनी मुलाला सांगितलं, मुलाने केंद्रात फोन केला. एक दिवस थांबून ब्युप्रेनॉर्फिन पुन्हा ६ वर सुरू झालं. डोस वाढवला नाही, बोलणी खावी लागली नाहीत. सणाच्या ऑर्डरी पुढच्या वर्षी निम्म्याच घ्यायच्या आणि हाताखाली दोन बायका ठेवायच्या असं मात्र ठरलं.

उतरण

सहाव्या महिन्यापासून ६ वरून ४ ला सहा आठवडे, ४ वरून २ ला आणखी आठ. २ मिलिग्रॅमपर्यंत सगळे सहज येतात आणि तिथेच केंद्रं घाई करतात. इथून ०.४ मिलिग्रॅमच्या गोळ्या कामी येतात: १.६, १.२, ०.८, ०.४. प्रत्येक पायरी तीन आठवडे, शेवटची सहा. मग ०.४ दिवसाआड, कारण औषध अंगात दीर्घकाळ राहतं. ०.८ वर झोप बिघडली तेव्हा तिथेच महिनाभर थांबले. चौदाव्या महिन्यात ते बंद झालं.

यानंतर नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅमचा पर्याय दिला होता. ते अफूच्या जागा बंद ठेवतं, पण सात ते दहा दिवस कोरडे गेल्यावरच सुरू करायचं आणि यकृताच्या तपासण्या करत राहायचं. ताईंनी नको म्हटलं. पित्ताशयात खडे सापडले होते, शस्त्रक्रिया होणार हे दिसत होतं. नाल्ट्रेक्सोनवर असताना ऑपरेशननंतरची नेहमीची वेदनाशामकं लागू पडत नाहीत, ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ते थांबवावं लागतं.

सोळाव्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. भूलतज्ज्ञाला आठवडाभर आधी लेखी कळवलेलं होतं: आधी अफूजन्य औषधाचं अवलंबित्व, सध्या बंद; डुलोक्सेटिन ६० चालू; ट्रामाडॉल आणि पेथिडीन (हेही अफूजन्य वेदनाशामक) दोन्ही नकोत, कारण डुलोक्सेटिनबरोबर ती धोक्याची. छिद्रांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन, पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी दोन दिवस, डायक्लोफेनॅक तीन दिवस. फारच दुखलं तर मॉर्फीन, थोडं, फक्त वॉर्डात आणि नर्सच्या हातून. एकदा द्यावं लागलं. अवलंबित्व होतं म्हणून ऑपरेशनच्या वेदनेत माणसाला तसंच ठेवणं हाही अतिरेकच, आणि त्यानेही लोक पुन्हा गोळीकडे वळतात. डिस्चार्जच्या कागदावर छापील यादीत जोडगोळी होती. मुलाने काउंटरवरच दाखवली, निवासी डॉक्टरने खोडून सही केली.

सध्या पाठ दहापैकी तीन, आणि पावसाळ्यात चार. बद्धकोष्ठ गेलं. पाळी तिसऱ्या वर्षी अनियमित झाली होती, ती सुरळीत झाली. झोप मात्र अजून साडेपाच तासांवर जात नाही आणि मिश्री सुटलेली नाही. डुलोक्सेटिन किमान आणखी सहा महिने आहे. तेही एकदम थांबवलं तर डोक्यातले झटके परत येतात, म्हणून ६० वरून ३०, मग २०, प्रत्येकी महिना-दीड महिना, आणि परीक्षांचा हंगाम संपून खानावळीतली गर्दी ओसरल्यावर सुरुवात, असं कागदावर ठरलं आहे.